पंप उघडण्याआधी

इंजिन सुरळीत चालू आहे, आवाज नेहमीचाच आहे, टाकीत तेल पुरेसं आहे. पण लिव्हर कितीही ओढले तरी पोकलेनचा बूम उचलत नाही, बकेट वळत नाही, वरचं धड फिरत नाही आणि चेनही सरकत नाही. विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या कामावर असं झालं की पहिला संशय हायड्रॉलिक पंपावर जातो. मशीन तासाच्या भाड्यावर असतं, मालकाचे फोनवर फोन येत असतात, आणि त्या घाईत पंप नाहीतर व्हॉल्व्ह जागेवरच खोलला जातो. ही घाई फार महागात पडते. व्हॉल्व्हमध्ये सरकणारा स्पूल आणि त्याभोवतीचं घर यांच्यातली फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. उघड्यावरच्या धुळीत तो भाग खोलला की आत गेलेले कण स्वतःच एक नवा बिघाड होऊन बसतात. मूळ दोष मात्र कित्येकदा एखाद्या तारेत किंवा तारा जोडणाऱ्या कपलरमध्ये असतो आणि तो तसाच राहतो.

सगळ्या हालचाली एकदम बंद पडल्या, ही गोष्टच बरंच काही सांगते. फक्त बूम बंद पडला असता तर बूमचा स्पूल, त्याचा पाइप, त्याचं सिलिंडर एवढ्यापुरतं शोधता आलं असतं. इथे सगळंच थांबलंय. मध्यम आकाराच्या बहुतेक पोकलेनमध्ये मुख्य पंप दोन असतात, आणि दोन्ही एकाच मिनिटाला निकामी होणं फार दुर्मीळ. म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेली जागा तपासायला हवी.

ती जागा समजण्यासाठी तेलाचे दोन मार्ग लक्षात घ्यावे लागतात. वीस टनी मशीनमध्ये मुख्य तेलाचा दाब साधारण 340 बारपर्यंत चढतो. एवढ्या दाबाचं तेल ऑपरेटरच्या हातातल्या लिव्हरपर्यंत कधीच येत नाही. तिथे येतं ते पायलट तेल, दाब 30 ते 40 बारच्या आसपास. लिव्हर हलला की हे पायलट तेल मुख्य स्पूलला ढकलतं, आणि स्पूल सरकला की मोठ्या दाबाच्या तेलाला वाट मिळते. या पायलट तेलाचं दार विजेच्या ताब्यात असतं. ऑपरेटर चढता-उतरताना जो सेफ्टी लिव्हर हलवतो, त्याच्या खाली एक स्विच असतो. त्यातून 24 व्होल्ट सोलेनॉइडच्या कॉइलला मिळतात, कॉइल चुंबक बनते आणि दार उघडतं. करंट नाही तर दार बंद. मग पंप कितीही धडधाकट असो, मशीन ढिम्म उभं राहतं.

म्हणून शोध सुरू करायचा तो वीज जिथे आपलं काम तेलाकडे सोपवते, तिथून. बकेट जमिनीवर टेकवलेली हवी आणि आसपास कोणी नको, कारण चाचणीत मशीन अचानक हलू शकतं. सेफ्टी लिव्हर चालू स्थितीत आणून स्क्रूड्रायव्हरचं पोलादी टोक सोलेनॉइडच्या शेंड्याला लावायचं. ओढ जाणवली तर करंट पोचतोय. मग पायलट दाब गेजवर पाहायचा आणि अडकलेला व्हॉल्व्ह किंवा पायलट पंप तपासायचा. ओढ नसेल तर तेलाच्या बाजूला हातही लावायचं कारण नाही. शेजारी तशीच दुसरी कॉइल असेल तर दोघींचे कपलर अदलाबदल करून पाहता येतात. दोष कॉइलबरोबर राहिला तर कॉइल खराब, तारेबरोबर गेला तर तार.

आता मल्टिमीटर, आणि इथेच भले भले फसतात. फिटर कपलर काढतो, तारेच्या टोकाला मीटर लावतो, मीटर 24 व्होल्ट दाखवतं. ‘करंट येतोय, म्हणजे कॉइल गेली,’ असं ठरतं. नवी कॉइल बसते आणि मशीन तसंच उभं राहतं. यात मीटर खोटं बोललेलं नसतं. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओम असतो. वाटेत गंजलेल्या पिनमुळे 1000 ओमचा अडथळा असला, तरी मीटरला लागणारा करंट इतका नगण्य असतो की त्या अडथळ्यावर काही हजारांश व्होल्टच खर्च होतात, आणि पडद्यावर 24 झळकतात. त्याच तारेला 24 ओमची कॉइल जोडली की करंट एक अँपिअरवरून 0.02 अँपिअरवर येतो आणि कॉइलला जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. गंजलेल्या पाइपचा नळ बंद असताना गेज लावलं तर दाब पुरेपूर दिसतो, नळ सोडला की मात्र धार लागत नाही, तसंच हे. म्हणून मोजमाप कॉइल जोडलेली असताना, सर्किट काम करत असतानाच घ्यायचं. बॅटरीच्या टोकापासून कॉइलच्या पिनपर्यंत मीटर लावलं की वाटेत किती व्होल्ट हरवले ते थेट कळतं. अर्थच्या बाजूचंही तसंच पाहायचं. रंगाखाली गंजलेला अर्थचा बोल्ट हा फार जुना गुन्हेगार आहे.

सर्वांत छळणारा बिघाड म्हणजे सकाळी गायब असणारा आणि दुपारी उगवणारा. त्यामागे जादू नाही, 1827 साली जॉर्ज ओमने मांडलेला नियम आणि तांब्याचा स्वभाव आहे. तापमान एका अंशाने वाढलं की तांब्याचा रोध साधारण 0.39 टक्क्याने वाढतो. वीस अंशांना 24 ओम असलेली कॉइल ऐंशी अंशांना साडेएकोणतीस ओमच्या वर जाते. समजा, दार उघडायला 0.75 अँपिअर लागतात. स्वच्छ पिन आणि तापलेली कॉइल असेल तर 0.81 अँपिअर मिळतात, मशीन चालतं. कॉइल थंड आणि पिनवर 6 ओमचा गंज असेल तर 0.8 मिळतात, तरीही चालतं. पण गंज आणि ताप एकत्र आले की करंट 0.67 वर घसरतो आणि मशीन थांबतं. एकेकटा दोष तपासणाऱ्याला दोन्ही भाग चांगलेच दिसतात. त्यामुळे दुपारचा बिघाड दुपारीच, मशीन तापलेलं असताना मोजायला हवा.

नव्या मशीनमध्ये पंपाने किती तेल द्यायचं हेही कंट्रोलर ठरवतो, आणि त्यासाठी तो प्रेशर सेन्सरवर विसंबतो. अशा सेन्सरला सहसा 5 व्होल्ट दिले जातात आणि तो 0.5 ते 4.5 व्होल्टमध्ये उत्तर देतो. दाब शून्य असतानाही अर्धा व्होल्ट का? तार तुटली तर शून्य व्होल्ट येतात. दाब नसणं आणि तार नसणं यांत फरक करता यावा म्हणून. ही योजना मला अतिशय सुंदर वाटते. एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे एरर कोड आले तर सगळे बदलू नयेत. ते 5 व्होल्ट बहुधा सामाईक असतात आणि एकच शॉर्ट झालेला सेन्सर सगळ्यांचा पुरवठा खाली ओढतो. एकेक कपलर काढत गेलं की ज्याच्या काढण्याने 5 व्होल्ट परत येतात, तो सापडतो.

अनेक मशीनमध्ये कंट्रोलरला वळसा घालणारा इमर्जन्सी स्विचही असतो. तो टाकल्यावर काम सुरू झालं तर पंप बहुतांशी निर्दोष आहे आणि शोध कंट्रोलर, सेन्सर नि वायरिंगपुरता उरतो.

एक काळजी कामाच्या जागी सर्रास विसरली जाते. बकेटच्या दातांना वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेलीच असते आणि अर्थचा चिमटा भलतीकडेच लावलेला असतो. वेल्डिंगचा करंट मग बेअरिंग, अर्थच्या तारा, कधी कंट्रोलर अशा कुठल्याही वाटेने परततो. आधी बॅटरी आणि कंट्रोलरचे कपलर सोडवावेत, आणि चिमटा वेल्डिंगच्या जागेलगतच, खरवडून चकाकलेल्या लोखंडावर लावावा.