शमीची ओळख

दसऱ्याच्या दिवशी आपण आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो आणि शमीचे पूजन करतो. गणपतीच्या पत्रीतही शमी हवीच असते. परंतु श्रोतेहो, शेतात उभा असलेला शमीवृक्ष आपल्यापैकी किती जणांनी ओळखून पाहिला असेल? निदान मी तरी सांगानेरला येईपर्यंत तो पाहिला नव्हता.

जयपूरच्या दक्षिणेचे हे गाव ठशांच्या छपाईच्या कापडासाठी आणि हातकागदासाठी प्रसिद्ध आहे. येथे नोकरीनिमित्त आल्यावर एका रस्त्यासाठी तोडावयाच्या झाडांची यादी माझ्यापुढे आली. तीत ‘काटेरी झाडे’ असा एकच रकाना होता. जागेवर गेलो, तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने एका खोडावर हात ठेवून विचारले, “साहब, यह भी?” ते झाड खेजडीचे, म्हणजेच आपल्या शमीचे होते. शेजारी विलायती बाभूळ उभी होती आणि मला दोन्ही सारखीच वाटत होती!

हे साम्य फसवे आहे. दोन्हींची पर्णिका बारीक, दोन्हींना काटे. पण काटा कोठे आहे ते पाहावे. विलायती बाभळीचे काटे सरळ व लांब असून पान फुटते त्या पेऱ्यापाशी, बहुधा जोडीने येतात. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद आणि दोन पेऱ्यांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. विलायती बाभळीची शेंग चपटी व जाड, तर शमीची बारीक, लांब व लोंबती असते. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हिंदुस्थानात आली आणि मोकळी जमीन बळकावीत गेली.

शमीचे खरे घर म्हणजे थरचे वाळवंट आणि त्याच्या कडेचा कोरडा प्रदेश. राजस्थान, हरियाणा, पंजाब, गुजरात येथे ती विपुल आहे. दख्खनच्या रुक्ष भागातही आढळते. तिची मुळे फार खोल जातात. म्हणून चैत्र-वैशाखात, इतर झाडे होरपळत असताना, तिला नवी पालवी व पिवळसर तुरे येतात. तिच्या पाल्याला येथे ‘लूंग’ म्हणतात. तो उंट-शेळ्यांचा चारा. कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी; त्या वाळवून केरांबरोबर भाजी करतात. तिच्या सावलीत बाजरीही चांगली पिकते, कारण ती जमिनीचा कस वाढविते. अवर्षणात माणूस व गुरे जगविणारे हे झाड आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवी व इतर बिश्नोई, एकूण ३६३ जणांनी, ह्याच वृक्षांना मिठी मारून प्राण दिले, ही कथा येथे घरोघरी सांगतात. १९८३ साली खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष ठरली.

पांडवांनी शस्त्रे शमीवर दडविली, ते विराटनगर परंपरेने जयपूरच्या उत्तरेस बैराट येथे मानतात. कथेतला वृक्ष आणि शेतातला वृक्ष असे एकत्र भेटतात.

त्या दिवशी मी यादीत दुसरा रकाना आखला आणि खेजडीची झाडे त्यात वेगळी नोंदविली. आपणही यंदा शमीची डहाळी हाती आली, तर पूजेपूर्वी काटा पेऱ्यावर आहे की पेऱ्यांच्या मध्ये, एवढे अवश्य पाहावे.