ओसरी वेगळी, माजघर वेगळे

जर्मनीत आपल्यापैकी काहीजणांनी छोटे व्यवसाय सुरू केले आहेत. धंदा वाढतो तसे संगणक वाढतात, पण त्यांना जोडणारे जाळे पहिल्या दिवशी जसे टाकले तसेच राहते.

माझ्या एका स्नेह्यांचे भारतीय किराणा मालाचे दुकान आहे. सुरुवातीला एक गल्ला आणि एक लॅपटॉप होता. आता दोन दुकाने, आठ माणसे, कार्ड मशीन, कॅमेरे असा पसारा झाला आहे. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर असताना त्यांनी मला सहज बघायला बोलावले. पाहतो तर गिऱ्हाइकांचे मोफत वाय-फाय आणि हिशेबाचा संगणक एकाच जाळ्यात! म्हणजे ओसरीवरच्या पाहुण्याला थेट माजघराची वाट मोकळी.

‘आपल्या दुकानात कोण कशाला शिरेल?’ असे म्हणू नका. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस झ्यूडवेस्टफालेन-आयटी या ७० हून अधिक नगरपालिकांचे संगणकीय काम पाहणाऱ्या संस्थेत चोर शिरले, ते बाहेरून काम करण्यासाठी ठेवलेल्या व्हीपीएनच्या वाटेने. तिथे पासवर्डखेरीज दुसरी खूण विचारलीच जात नव्हती. नागरिकांची कामे कित्येक आठवडे खोळंबली.

मग करावे काय?

१. खोल्या पाडा. गल्ला व कार्ड मशीन, कार्यालय, कॅमेरे आणि पाहुणे असे चार भाग करा. एका छोट्या दुकानाला फ्रिट्झबॉक्समधील पाहुण्यांचे वेगळे जाळे ही चांगली सुरुवात आहे. पुढे मात्र व्हीलॅनची सोय असलेला स्विच आणि फायरवॉल घ्या. सगळी दारे आधी बंद करा, मग गरजेपुरती उघडा.

२. दोन कुलपे लावा. व्हीपीएन आणि ई-मेलला पासवर्डबरोबर मोबाईलवरचा कोडही हवा. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. माणूस काम सोडून गेला की ते त्याच दिवशी बंद करावे.

३. प्रती ठेवा. माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुकानाबाहेर. शिवाय एक तरी प्रत जाळ्यापासून तोडलेली असू द्या.

खर्चाचे गणितही पाहा. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय कायद्यानुसार गिऱ्हाइकांची माहिती फुटून त्यांना धोका असेल, तर कळल्यापासून ७२ तासांत संबंधित कार्यालयाला कळवावे लागते. ५० पेक्षा कमी माणसांच्या व्यवसायांसाठी बीएसआय या सरकारी सुरक्षा कार्यालयाच्या पुढाकाराने ‘सायबर-रिझिको-चेक’ ही तपासणी तयार झाली आहे. त्यात तज्ज्ञ तास-दोन तास प्रश्न विचारून दुबळ्या जागा दाखवतो.

स्नेह्यांकडे आम्ही दोन रविवार खपलो. शेवटी जुनी प्रत उघडून पाहिली, तर डिस्क चार महिन्यांपूर्वीच भरली होती! त्यानंतरचा हिशेब फक्त त्या एका संगणकात होता. प्रत रोज निघते असा सगळ्यांचा समज. उघडून कोणीच पाहिली नव्हती.

बाकीचे सवडीने करा, पण आपली प्रत उघडते का, एवढे तरी या रविवारी पाहा.