शाईचं पेन : उघडून पाहण्याचा आनंद

फाउंटन पेनवाचून आज कोणाचंही अडत नाही. हंगेरीच्या लाझ्लो बिरोने १९३८ साली बॉलपेनचं पेटंट घेतलं, १९५० मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बिशने ते अगदी स्वस्तात बाजारात आणलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत दौत, ड्रॉपर, टीपकागद हा सगळा सरंजाम टेबलावरून उठला. सही, हिशेब, पत्र, परीक्षेचा पेपर, सगळं बॉलपेनकडे गेलं. आता त्यातलंही बरंचसं मोबाइलकडे गेलं आहे.

तरीही जपानमध्ये पायलट, सेलर आणि प्लॅटिनम, जर्मनीत पेलिकन आणि लामी, तैवानमध्ये ट्विस्बी यांचे कारखाने नवी फाउंटन पेनं घडवत आहेत. आपल्याकडे राजमहेंद्री, चेन्नई, कानपूर, मुंबई, पुणे इथले कारागीर लेथवर पेनं कातत आहेत, आणि घेणाऱ्यांत कॉलेजातली मुलंमुलीही आहेत. गरज संपल्यावरही एखादी वस्तू टिकते, ती तिच्या अंगच्या गुणांवर. फाउंटन पेनचे गुण बरेच सांगतात: अक्षर सुधारतं, हात दुखत नाही, प्लास्टिकचा कचरा कमी होतो. मला त्यातला सगळ्यात मोठा वाटतो तो वेगळाच. हे पेन आपल्याला पूर्ण समजू शकतं. ते उघडता येतं, धुता येतं, त्याचं दुखणं ओळखता येतं आणि बहुतेक वेळा ते स्वतःच्या हाताने बरं करता येतं. रोजच्या वापरातल्या फार थोड्या वस्तूंबद्दल आज असं म्हणता येईल.

निबेखालची जीभ

पेनच्या पोटात शाई असते आणि शाईच्या वर हवा. थोडी शाई बाहेर पडली की तिच्या जागी तेवढीच हवा आत यायला हवी. हवा आली नाही तर शाई अडते आणि लिहिता लिहिता पेन कोरडं पडतं. हवा मोकाट आत शिरली तर शाई भळाभळा कागदावर सांडते. एकाच अरुंद वाटेने शाई बाहेर आणि हवा आत, अशी दुहेरी वाहतूक बिनबोभाट चालवणं हाच फाउंटन पेनचा मूळ प्रश्न. पॅरिसमध्ये शिकत असलेल्या पेत्राके पोएनारू या रुमानियन तरुणाने स्वतःची शाई बाळगणाऱ्या पेनचं पेटंट १८२७ मध्ये मिळवलं होतं, पण शाईला भरवशाची शिस्त लागायला आणखी अर्धशतक जावं लागलं. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमनच्या १८८४ च्या पेटंटात निबेखालच्या जिभेला, म्हणजे फीडला, बारीक चिरा पाडलेल्या होत्या. त्या चिरांतून शाई उतरते आणि हवा चढते. आजचं कोणतंही पेन उघडा, याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती हातात येईल.

हे सगळं चालतं केशाकर्षणावर. दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी शाई अरुंद फटीकडे ओढली जाते, आणि फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त. जिभेतली चीर अरुंद, निबेमधली फट टोकाकडे त्याहून अरुंद आणि कागदाच्या तंतूंमधल्या जागा सगळ्यात अरुंद. म्हणजे निब टेकली की शाईला कागदच ओढून घेतो. आपल्या हाताला ढकलावं लागत नाही. बॉलपेनची शाई घट्ट असते, तिच्यासाठी गोळी दाबून फिरवावी लागते आणि तो दाब बोटांतून मनगटात जातो. फाउंटन पेनला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. पकड सैल ठेवून चार पानं लिहून पाहिली की फरक हातालाच कळतो.

जिभेच्या कडेला कंगव्यासारखे पातळ दाते असतात, तेही शोभेचे नाहीत. हाताच्या उबेने पेनमधली हवा फुगते आणि शाई पुढे लोटते. ती जादा शाई हे दाते धरून ठेवतात आणि हवा आकसली की परत आत सोडतात. हे एकदा कळलं की पेन अचानक थेंब का टाकतं, विमानात ते भरलेलं आणि निब वर करून का ठेवावं, शाई संपत आली की जास्त का गळतं, ही कोडी आपोआप सुटतात. पोटात हवा जितकी जास्त, तितकं तिचं फुगणं जास्त.

पोलाद की सोनं?

निबेच्या टोकावर एक बारीक मणी असतो आणि कागदाला खरा तोच लागतो. इरिडियम हा धातू १८०३ मध्ये सापडला. त्याच्यासारखे अतिकठीण धातू निबेच्या टोकाला लावण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. आजच्या मण्यात इरिडियम बहुधा नसतंच, ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन यांच्या मिश्रधातूंचा तो असतो. सोन्याची निब आली ती मुख्यतः जुन्या तिखट शाईमुळे, कारण ती शाई साध्या पोलादाला खाऊन टाके. स्टेनलेस स्टील आल्यावर ती अडचण संपली. चौदा कॅरेटच्या निबेत साडेअठ्ठावन्न टक्के सोनं असतं आणि तिचा स्पर्श थोडा मऊ लागतो, हे खरं. पण कागदावर गुळगुळीत चालणं ठरतं मण्याच्या घासकामावर आणि फटीच्या नेमकेपणावर. म्हणून काही शे रुपयांचं, नीट जुळवलेलं पोलादी निबेचं पेन बेफिकीरपणे जुळवलेल्या महागड्या पेनपेक्षा चांगलं लिहू शकतं. निबा करणाऱ्या जर्मनीतल्या दोन कंपन्या, योवो आणि बॉक, जगभरच्या लहान पेनकारांना त्या पुरवतात. हाताने घडवलेल्या कित्येक भारतीय पेनांतही याच निबा बसवलेल्या असतात.

देवनागरीचा हिशेब

निबेची जाडी निवडताना देवनागरी लिहिणाऱ्याने युरोपातल्या सल्ल्यावर फार विसंबू नये. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, पायाशी उकार, पोटात जोडाक्षरांची दाटी. जाड निबेने बारीक लिहिलं तर ‘ष’चं पोट बुजतं आणि अनुस्वार मात्रेला चिकटतो. जपानी निबा कांजी लिपीच्या दाट रेघांसाठी घडलेल्या असल्यामुळे एकाच नावाची जपानी निब युरोपीय निबेपेक्षा साधारण एक पायरी बारीक चालते. बारीक अक्षर असणाऱ्याला जपानी फाइन किंवा मीडियम मानवते, टपोरं लिहिणाऱ्याला युरोपीय मीडियम. सपाट टोकाची स्टब निब घेतली तर काना ठसठशीत उमटतो, शिरोरेषा बारीक राहते आणि साध्या पत्रालाही सुलेखनाचं रूप येतं.

मोडी लिहिणारे कारकून आधी ओळभर शिरोरेषा ओढत आणि तिच्याखाली शक्य तितका हात न उचलता अक्षरं चालवत. बोरू दौतीत बुडवण्यापुरताच काय तो थांबा. बाळबोध लिहिताना आपण आधी शब्द लिहितो आणि मग त्याच्यावर रेघ देतो. फाउंटन पेनमध्ये यातून एक सुंदर गोष्ट घडते. शब्द लिहून होईपर्यंत शाई अर्धी ओली असते. शिरोरेषा तिच्यावरून जाते तेव्हा जिथे काना रेघेला भेटतो तिथे शाईवर शाई चढते आणि तो बिंदू गडद होतो. हलक्या छटेची शाई असेल तर प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर गडद ठिपक्यांची एक माळ तयार होते. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हे सुख या रूपात मिळत नाही. ते आपल्या लिपीचं आहे.

राजमहेंद्री ते वर्धा

भारतीय पेनचं खास अंग म्हणजे एबोनाइट. चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केलं, त्याचं अमेरिकन पेटंट १८४४ चं. त्याचा भाऊ नेल्सन याने गंधकाचं प्रमाण वाढवून रबर लाकडासारखं कठीण केलं, ते पेटंट १८५१ चं. हेच एबोनाइट. हातात धरल्यावर ते धातूसारखं गार लागत नाही, घामाने निसटत नाही आणि लेथवर सुरेख कातलं जातं. त्याची जीभ केली तर शाई तिला चांगली धरते.

राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी सोनारकामात बसलेला हात पेनं घडवण्याकडे वळवला. स्वदेशीच्या चळवळीत पेन हा नाजूक मुद्दा होता, कारण परदेशी मालाविरुद्धचे लेखही परदेशी पेनने लिहिले जात. रत्नम यांचं पेन जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोचलं. कुमारप्पा ज्याचं काम पाहत तो अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्याच्या मगनवाडीत होता. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र पाठवलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय असल्याची पावती दिली. रत्नम यांच्या नावाची पेनं राजमहेंद्रीत आजही बनतात.

या परंपरेतली बरीच पेनं ड्रॉपरने भरायची. त्यांत पिस्टन नाही, रबरी पिशवी नाही. पेनचं पोट हीच दौत. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनच्या आत बसवायच्या शाईच्या छोट्या नळीत, अर्धा ते एक मिलिलिटर शाई मावते, तर अशा पेनमध्ये तीन-चार मिलिलिटर सहज बसते. शिवाय बिघडण्यासारखा भागच नाही. आट्यांवर किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं की झालं. अंगठ्याएवढी जाड पेनंही याच घडणीत मिळतात आणि बोटं आखडणाऱ्यांना ती मानवतात, कारण जाड वस्तू धरायला पकड आवळावी लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांना जाडजूड फाउंटन पेनांची आवड होती, अशी आठवण त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगितली आहे. तासन्‌तास लिहिणाऱ्या माणसाची ही आवड समजण्यासारखी आहे.

शाई आणि कागद

मुंबईत दिगंबर आणि गोविंद या दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली आणि कॅमलची शाई महाराष्ट्रातल्या पिढ्यांच्या बोटांना लागली. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने तिच्यातला मोठा हिस्सा घेतला. तिकडे बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी स्वदेशी शाई म्हणून सुलेखा सुरू केली. मध्यंतरी बंद पडलेली ती कंपनी पुन्हा उभी राहिली आहे आणि तिची शाई आता नव्या पिढीच्या टेबलावर दिसते.

पूर्वी निळी, काळी, निळी-काळी आणि लाल एवढ्यावर निवड संपायची. पायलटने २००७ मध्ये जपानी निसर्गदृश्यांच्या नावांनी इरोशिझुकू ही शाईमाला काढली आणि रंगांचं दालनच उघडलं. आता एकाच रेघेत फिका आणि गडद दोन्ही दाखवणाऱ्या, वाळल्यावर कडेला तांबूस झाक देणाऱ्या शाया मिळतात. टिकाऊ नोंदींसाठी लोहयुक्त शाई आहे. ती हवेतल्या प्राणवायूने हळूहळू काळी पडते आणि पाण्याने सहसा जात नाही. सुलेखनासाठीची लाखमिश्रित शाई मात्र फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नये, कारण ती वाळली की जीभ कायमची बुजते.

शाई फुटते तेव्हा दोष बहुधा कागदाचा असतो. ज्या कागदाला स्टार्चसारख्या द्रव्याचा पुरेसा लेप नसतो त्याचे तंतू शाई पितात. जाड कागद म्हणजे चांगला कागद, हा समज टोमोए रिव्हर या जपानी कागदाने खोटा ठरवला आहे. तो चौरस मीटरला ५२ ग्रॅमचा, पतंगाच्या कागदासारखा पातळ, आणि तरी शाई मागे सहसा फुटत नाही. आपल्याकडे दुकानात वही घेताना कोपऱ्यात एक शब्द लिहून पाहण्याची परवानगी मागावी. दुकानदार शक्यतो नाही म्हणत नाहीत.

आजचं पेन

जुन्या पेनांबद्दल हळवं होणं सोपं आहे, पण आधुनिक पेनने जुन्यांचे बरेच रोग बरे केले आहेत. प्लॅटिनमच्या ३७७६ सेंच्युरी या पेनच्या टोपणात स्प्रिंगवरचं आतलं टोपण निबेला हवाबंद करतं. कंपनीच्या दाव्यानुसार त्यातली शाई दोन वर्षं वाळत नाही. पेनच्या नावातला आकडा म्हणजे फुजी पर्वताची मीटरमधली उंची. पायलटच्या कॅपलेस पेनला टोपणच नाही. बटण दाबलं की छोटं दार उघडून निब बाहेर येते, आणि ही करामत कंपनीने १९६३ पासून चालवली आहे. शाळकरी मुलांसाठी १९८० मध्ये आलेल्या लामी सफारीची पकड अशी घडवली आहे की बोटं योग्य जागीच बसतात, आणि तिची निब घरच्या घरी काढून दुसरी घालता येते. ट्विस्बीच्या पारदर्शक डायमंड पेनबरोबर कंपनी छोटा पाना आणि ग्रीसची डबीही देते. आपण विकलेली वस्तू घेणाऱ्याने खोलावी, असं इथे बनवणाऱ्यालाच वाटतं.

आणि खोलणं अवघड नाहीच. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, किंवा शाई बदलताना, निबेचा भाग साध्या गार पाण्यात पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. गरम पाणी नको, स्पिरिट नको. एबोनाइटला उन्हातही ठेवू नये, काळा रंग तपकिरी पडतो. पेन कोरडं चालत असेल तर आधी धुवावं, मग शाई बदलून पाहावी, मग कागद. निबेला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. एवढी शिस्त पाळली तर एक पेन घेणाऱ्याच्या आयुष्यभर पुरतं आणि त्याच्या नंतरच्याही हाताशी जुळवून घेतं.

सुरुवात करणाऱ्याने एक पोलादी निबेचं पेन, निळ्या शाईची एक बाटली आणि शाई न फुटणारी एक वही घ्यावी. सोन्याची निब, दुर्मिळ शाई, हाताने रंगवलेली नळी यांना घाई नाही. आधी एक पेन नीट कळू द्यावं. या दिवाळीत कोणाला पेन भेट देणार असाल तर सोबत शाईची बाटली द्या आणि जवळ बसून ते उघडायचं, भरायचं, धुवायचं कसं, हे दाखवण्यासाठी आपला अर्धा तासही द्या. त्या अर्ध्या तासाशिवाय पेन कपाटात जातं. त्याच्यासह दिलं तर ते रोज लिहितं.