एक गादी, दोन भाऊ आणि रात्रीचा खेळ

व्यापारी घरातील दोन भाऊ दिवसाचे दहा-बारा तास एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेले असतात. तरीही त्यांच्यात बोलणे किती होते, याचा हिशेब कोणी मांडलाच तर तो चकित करणारा निघेल. भाव, आवक, थकलेली उधारी, जीएसटीचे विवरणपत्र. यापलीकडचा शब्द क्वचितच. लहानपणी एका अंथरुणात झोपलेली ही माणसे चाळिशीत पोहोचतात, तेव्हा एकमेकांचे भागीदार म्हणून उत्तम उरतात; भाऊ म्हणून किती उरतात, हे सांगणे कठीण. अशा घरांत एकेकाळी एक साधी सोय होती. दुकान वाढवल्यावर (आपल्याकडे दुकान ‘बंद’ करीत नाहीत, वाढवतात) दोघांनी मिळून पाहिलेला रात्रीचा नऊचा खेळ.

गंमत अशी, की चित्रपट हे मुळात दोन भावांच्या पेढीचेच अपत्य आहे. फ्रान्समधील लियों शहरात ऑगस्ट आणि लुई ल्युमिएर हे बंधू वडिलांच्या छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याच्या कारखान्यात काम करीत. यंत्राची कळ प्रामुख्याने धाकट्या लुईला सापडली, असे मानले जाते. परंतु १३ फेब्रुवारी १८९५ चे पेटंट दोघांच्या नावाने घेतले गेले. श्रेय कोणाचे, हा प्रश्न त्यांनी घराबाहेर जाऊच दिला नाही. दोघांच्या पत्नीही सख्ख्या बहिणी होत्या. दोन भावांच्या घरी दोन बहिणी देण्याची चाल आपल्याकडेही अपरिचित नाही, तेव्हा वाचकांना यात नवल वाटू नये.

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून जो पहिला खेळ झाला, त्यातील चित्रे पाहा. एकात कारखान्यातून सुटलेले कामगार आहेत. दुसऱ्यात थोरला भाऊ ऑगस्ट आणि त्याची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला भरवीत आहेत, आणि यंत्रामागे उभा आहे धाकटा भाऊ. म्हणजे जगाने पैसे देऊन पाहिलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रांमध्ये एका भावाने दुसऱ्याच्या संसाराकडे टाकलेली कौतुकाची नजर आहे. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, हा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला. तिकीट एक रुपया. त्या काळच्या मानाने हा दर चांगलाच चढा होता.

कोल्हापूरची कथा याहून हळवी आहे. आनंदराव आणि बाबूराव हे नात्याने भाऊ असलेले पेंटर स्वतःच्या हातांनी कॅमेरा तयार करण्याच्या मागे लागले. काम पुरे होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव गेले. बाबूरावांनी ते काम टाकून दिले नाही; कॅमेरा पूर्ण केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. भावाने अर्धवट सोडलेले काम पुरे करणे म्हणजे काय, हे व्यापारी घरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाजारपेठेतल्या रात्रीच्या खेळाला कायद्याचाही हातभार होता. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे बंधनकारक होते. त्या सुट्टीच्या आदल्या रात्री बाजारपेठेतील माणूस मोकळा असे. सकाळी लवकर उठून कुलूप काढण्याची घाई नाही, म्हणून खेळ बारा-साडेबाराला सुटला तरी चालत असे. घरी सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपलेली. मध्यंतरात बाहेरचे काही खायचे नाही, तेव्हा तो वेळ दोघे भाऊ पायऱ्यांवर नुसते उभे राहून काढीत. माझ्या मते खरा लाभ त्या दहा मिनिटांचाच होता. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. व्यापाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण ती आदली रात्र मात्र हिशेबातून गळाली. त्यातच हातातल्या फोनवर चित्रपट आला, आणि एकाच छपराखाली दोघे भाऊ दोन खोल्यांत दोन वेगवेगळे चित्रपट पाहू लागले.

आमच्या गावातील एका किराणा पेढीची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. वडिलांच्या पश्चात दोन भावांची वाटणी झाली. भांडण असे नाही, पण दुकानाच्या मधोमध विटांची भिंत उठली आणि आठ महिने दोघांत शब्द नव्हता. भाऊबीजेला बहीण सासरहून आली. दोन घरी दोनदा ओवाळले. थोरल्याने पाकीट पुढे केले, तेव्हा ती म्हणाली, “दादा, हे राहू दे. मला आज रात्रीच्या खेळाला ने. दोघेही या.” धाकट्याच्या घरीही तिने हेच मागितले. बहिणीची ओवाळणी नाकारायची कशी? दोघेही निमूटपणे आले.

तिने आपली जागा मधली ठरवून ठेवली होती. पूर्वार्धात कोणी बोलले नाही. चित्रपट विनोदी होता. दोघांना एकाच ठिकाणी हसू आले आणि दोघांनीही ते दाबले, असे ती सांगते. मध्यंतरात तिला तहान लागली, तर दोन बाजूंनी दोघे उठले आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आले. एक बाटली परत द्यावी की नाही, यावर भावांचे आठ महिन्यांतले पहिले बोलणे झाले. रक्कम वीस रुपये. धाकट्याचे म्हणणे, बाटली उघडली नाही तोवर परत घेतलीच पाहिजे. थोरला म्हणाला, “राहू दे, आईसाठी घरी नेऊ.”

परतताना तिघे पायीच निघाले. वाट बाजारपेठेतून जात होती. पेढीसमोर आल्यावर धाकट्याने आपल्या शटरचे कुलूप ओढून पाहिले, आणि मग लहानपणापासूनच्या सवयीने दोन पावले पुढे जाऊन थोरल्याचेही. थोरला कोपऱ्यावरच्या दिव्याखाली पाण्याची बाटली हातात धरून त्याची वाट पाहत थांबला होता.