प्रायमरसाठी स्प्रे गन घेताय? आधी नोझलचा आकडा बघा

बाबांची जुनी चेतक घरीच रंगवायची, असं मी मागच्या दिवाळीत ठरवलं. ऑनलाइन एक स्प्रे गन सापडली, नोझल १.४ मिमी, रिव्ह्यू चांगले. घेऊन टाकली. ऑफिसमध्ये ज्युनियर मुलांना मी सारखं सांगतो की आधी डॉक्युमेंटेशन वाचा, आणि इथे मी स्वतःच काही वाचलं नाही.

पहिल्या पॅनलवर प्रायमर खरखरीत बसला. मग मी त्यात थिनर वाढवला. आता तो मस्त पसरला, मी खूश! पण काही दिवसांनी लांबी भरलेल्या जागेची कड वर दिसायला लागली आणि बारीक छिद्रंही पडली. जास्तीचं थिनर आतून उडून जाताना थर खाली बसतो, त्याचा हा परिणाम. सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. दोन रविवार गेले.

चूक कुठे झाली? ट्रिगर ओढला की गनमधली सुई मागे सरकते, नोझलच्या भोकातून पेंट बाहेर येतो आणि एअर कॅपमधली हवा त्याचे बारीक थेंब करते. रंग आणि क्लिअर पातळ असतात, त्यांना १.३ किंवा १.४ पुरतं. फिलर प्रायमरचं कामच घासल्याचे ओरखडे भरायचं, म्हणून त्यात टाल्कसारखी पूड भरपूर असते. तो जाड असणारच. लहान भोकातून तो कमी येतो, हवा मात्र तेवढीच, त्यामुळे थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धे सुकतात.

१.४ आणि १.८ मध्ये फरक तो किती, असं मलाही वाटलं होतं. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. १.८ ला १.४ ने भागा आणि वर्ग करा, उत्तर येतं साधारण १.६५. म्हणजे ६५ टक्के मोठी वाट!

आता कोणत्या प्रायमरला काय? उघड्या पत्र्यावर गंज रोखायला मारतात तो इपॉक्सी प्रायमर त्यातल्या त्यात पातळ, त्याला १.४ ते १.६ चालतं. लांबीवर मारायच्या टू-के फिलर प्रायमरला १.६ ते २.०, एकच नोझल घ्यायची तर मी १.८ घेईन. पॉलिएस्टर स्प्रे फिलर मारायचा असेल तर २.० च्या पुढे जावं लागतं, पण स्कूटरला त्याची गरज सहसा पडत नाही. नोझल बदलताना सुईसुद्धा त्याच मापाची घ्या, आणि एअर कॅपचाही सेट असेल तर तोही. नुसती नोझल बदलली तर गळते.

गन वर कप असलेली, म्हणजे ग्रॅव्हिटी फीड घ्या. जाड माल स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. जाहिरातीत एचव्हीएलपी असं लिहिलेलं असतं. म्हणजे हवा जास्त, दाब कमी, एअर कॅपपाशी १० पीएसआयपर्यंत. त्यामुळे माल कमी उडतो. पण ही गन हवा खाते, आणि घरगुती कॉम्प्रेसर इथेच मार खातो.

माझंच गणित बघा. गनला मिनिटाला १० घनफूट हवा लागते, म्हणजे सुमारे २८० लिटर. माझा १ एचपीचा कॉम्प्रेसर देतो जेमतेम १०० लिटर. २५ लिटरची टाकी ८ बारवरून ४ बारवर येईपर्यंत आणखी १०० लिटर देते. तूट मिनिटाला १८०, म्हणजे अर्ध्या मिनिटात दाब पडायला लागतो. त्यामुळे एक छोटं पॅनल मारायचं, थांबायचं, टाकी भरू द्यायची. कारचं बॉनेट असं होणार नाही. कॉम्प्रेसर घेताना पिस्टन डिस्प्लेसमेंटचा मोठा आकडा सोडा, एफएडी म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी हवा किती ते विचारा. किंवा कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन बघा.

फोनचा खरा उपयोग इथे आहे. प्रायमरच्या डब्यावरचं पूर्ण नाव टाकून टेक्निकल डेटा शीट शोधा. त्या पीडीएफमध्ये नोझलचं माप, हार्डनर-थिनरचं प्रमाण आणि दोन थरांमध्ये किती मिनिटं थांबायचं, हे सगळं असतं. माझ्या प्रायमरच्या शीटमध्ये १.६ ते १.८ असं स्पष्ट लिहिलं होतं. शीटचा आकडा आणि माझा आकडा जुळत नसेल तर शीटचंच ऐका.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्या मात्रेनेही त्रास होतो. वास आला नाही म्हणजे हवा साफ आहे असं नाही. कोविडवाला एन-९५ इथे कामाचा नाही, तो वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज आणि धुळीचा फिल्टर असलेला हाफ मास्क, गॉगल, ग्लोव्हज, हे अगदी कमीत कमी, तेही मोकळ्या हवेत. बंद खोलीत मारायचं असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि तो नसेल तर काम सरळ पेंटरला द्या. घरची माणसं आणि शेजारची पोरं लांब.

मी शेवटी १.८ चा सेट आणला. दोन थर, मध्ये दहा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी वॉटर पेपरने घासल्यावर पॅनल एकदम सपाट. काम झालं की गन लगेच थिनरने धुतो, कारण हार्डनर घातलेला माल आत सुकला तर नोझल फेकावीच लागते. जुनी १.४ डब्यात जपून ठेवली आहे, रंग मारताना तीच लागेल. रंग कुठला, यावर बाबांचं अजून ठरत नाहीये.