फेडलेले कर्ज आणि दिलेला शब्द

दसरा-दिवाळीच्या सुमारास पणजी, म्हापसा, मडगाव येथील मोटारींच्या शोरूमांतून एक विशिष्ट व्यवहार घडताना दिसतो. ग्राहक रोख पैसे मोजून गाडी नेण्याच्या तयारीने आलेला असतो. विक्रेता त्याला सांगतो की, रोखीने घेतलीत तर किंमत ही. आमच्यामार्फत कर्ज काढलेत तर त्यातून अमुक हजार रुपये कमी करून देतो. ग्राहक हिशेबी असला तर कर्जाच्या कागदांवर सह्या करतो, सवलत पदरात पाडून घेतो आणि चार महिन्यांत सगळे कर्ज एकरकमी फेडून मोकळा होतो. मग एके दिवशी विक्री-प्रतिनिधीचा काकुळतीचा फोन येतो. साहेब, निदान सहा महिने तरी थांबायचे होते; आता आमचे कमिशन परत जाणार. हे ऐकून पापभीरू माणूस ओशाळतो. आपण कोणाला फसवले तर नाही ना, कोणाच्या पोटावर तर पाय दिला नाही ना, ही शंका त्याला डाचू लागते. ही शंका अनेक घरांतून बोलून दाखवली जाते, आणि तिचे उत्तर 'कायदा काय सांगतो तेवढे पाहा' असे उडवून देण्याजोगे नाही.

या व्यवहारात वरकरणी दोन पक्ष दिसत असले तरी वस्तुतः ते तीन आहेत. बँकेला कर्जदार हवा असतो, आणि कर्जदार हमखास सापडण्याची जागा म्हणजे शोरूम. तो मिळवून दिल्याबद्दल बँक किंवा वित्तसंस्था विक्रेत्याला दलाली देते. अमेरिकेत ही पद्धत आणखी पुढे गेलेली आहे. तेथे बँक विक्रेत्याला एक व्याजदर कळवते, विक्रेता त्यावर एक-दोन टक्के चढवून ग्राहकाला सांगतो आणि त्या फरकातून आपला वाटा घेतो. ग्राहकाने पहिल्या काही महिन्यांतच कर्ज फेडले तर तो वाटा परत करावा, अशी अट तेथील करारांत सर्रास असते. आपल्याकडे दलालीची रीत एवढी उघड नाही. पण जेथे परताव्याची अट असते तेथे परिणाम तोच. तेव्हा ग्राहकाच्या हाती पडणारी सवलत ही बहुधा विक्रेत्याच्या औदार्यातून आलेली नसते. ग्राहकच पुढे जे व्याज भरणार आहे, त्याचा एक लहानसा तुकडा त्याला आगाऊ मिळालेला असतो.

आकडे मांडल्याशिवाय हे नीट उमगणार नाही. समजा, ८ लाख रुपयांचे कर्ज साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १६,८०० रुपये येतो आणि पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे २ लाख ८ हजार रुपये जातात. पहिल्याच हप्त्यातले ६,३३३ रुपये व्याजाचे असतात. सहा हप्ते भरून कर्ज बंद केले तर तोवर सुमारे ३६,७०० रुपये व्याज दिलेले असते आणि मुद्दल ७ लाख ३६ हजारांच्या आसपास शिल्लक राहते. त्यावर समजा पाच टक्के मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागले तर आणखी ३६,८०० रुपये. एकूण साडेत्र्याहत्तर हजार. म्हणजे पंचवीस हजारांच्या सवलतीला भुलून कर्ज घेणारा 'हुशार' ग्राहक सहा महिन्यांनी तोट्यातच असतो, हे जाता जाता नमूद करणे बरे. नीतीचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच त्याच्या हिशेबाचा निकाल लागलेला असतो. शुल्क नसेल आणि फेड पहिल्या तीन महिन्यांतच झाली तरच त्याच्या हाती काही उरते.

आता बँकेचे पाहू. सहा महिने तिचा पैसा वापरला, त्या सहा महिन्यांचे व्याज तिला मिळाले. उरलेल्या साडेचार वर्षांचे पावणेदोन लाखांच्या घरातले व्याज बुडाले, असे म्हणणे ही भाषेची फसगत आहे. जो पैसा परत आला, तो ती दुसऱ्याला कर्जाऊ देणार. कागदपत्रांची छाननी, दलाली, ठेवीदारांशी ठरलेले दर हा तिचा खर्च खरा आहे. पण त्यासाठीच तर शुल्काचे कलम करारात असते. रिझर्व्ह बँकेने २ जुलै २०२५ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या वा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांपैकी बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक, बिगरव्यावसायिक कर्जांवर असे शुल्क घेता येत नाही. मोटारीची कर्जे मात्र बहुधा स्थिर दराची असतात. त्यांवर शुल्क घेता येते, परंतु ते मंजुरीपत्रात व करारात आधी नमूद केलेले असले पाहिजे. बँकेने लवकर फेडीची शक्यता गृहीत धरून तिची किंमत ठरवली आणि ऋणकोने ती मोजली, तर त्याच्याकडे बोट दाखवायला बँकेला जागा उरत नाही.

कर्जाविषयीची आपली जुनी दृष्टीही येथे आठवावी. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादानाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ऋणको धन परत देऊ करीत असता धनकोने ते घेतले नाही आणि ते त्रयस्थाकडे ठेवले गेले, तर तेथून पुढे त्यावर व्याज चढत नाही, असा नियम त्यात आहे. या स्मृतीवर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाला होता. ज्यांचे नाव आज आपल्या बसगाड्यांवर झळकते ते गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. व्याजाच्या लोभाने परतफेड नाकारणारा धनको त्या काळच्या धर्मशास्त्रकारांच्या पूर्ण परिचयाचा होता, आणि त्यांची सहानुभूती त्याला नव्हती. आधुनिक कायद्यानेही हळूहळू तीच वाट धरली. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहककर्ज कायद्याने मुदतीपूर्वी फेडण्याचा हक्क दिला. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने अशा फेडीबद्दलची भरपाई सर्वसाधारणपणे एक टक्क्याच्या आत बांधून टाकली.

बँकेचा प्रश्न असा सुटतो. खरी गुंतागुंत विक्रेत्याची आहे, कारण ग्राहकाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो त्याच्याशी, आणि सवलतही त्यानेच दिलेली असते. विक्रेता म्हणतो, तुम्ही कर्ज चालू ठेवाल या भरवशावर मी किंमत उतरवली. या म्हणण्यात तथ्य किती, हे ठरवण्यासाठी तो स्वतः कोणत्या भूमिकेत उभा होता हे पाहिले पाहिजे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२५ रोजी मोटारकर्जावरील दलालीच्या तीन प्रकरणांत जो निर्णय दिला, तो या दृष्टीने मननीय आहे. कर्ज मिळवून देणारा गाडीविक्रेता ग्राहकाचा विश्वस्त ठरतो काय, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपील न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. विक्रेता आपला माल खपवायला बसलेला आहे, तो स्वतःचे हित पाहणार हे उघड आहे, त्याच्यावर विश्वस्ताचे कर्तव्य लादता येत नाही, असा त्याचा आशय.

हा निर्णय विक्रेत्यांच्या सोयीचा वाटेल. पण त्याची दुसरी बाजू त्यांनी ध्यानात घ्यावी. विक्रेता जर ग्राहकाच्या हिताचा रखवालदार नाही, तर ग्राहकही विक्रेत्याच्या दलालीचा रखवालदार असू शकत नाही. एकाने बाजाराच्या न्यायाने वागायचे आणि दुसऱ्याने ऋणानुबंधाच्या, असा सौदा आम्हाला मान्य नाही. शिवाय त्याच निकालात एका ग्राहकाचा दावा न्यायालयाने उचलून धरला, तो का हेही पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये ६,४९९ पौंडांची जुनी गाडी घेणाऱ्या त्या माणसाच्या कर्जावर विक्रेत्याला १,६५० पौंडांहून अधिक दलाली मिळाली होती. कर्जाच्या एकूण आकारणीच्या ती ५५ टक्के होती, आणि त्याला तिचा आकडा कोणी सांगितला नव्हता. हे संबंध अन्याय्य होते, असे न्यायालय म्हणाले. जी दलाली ग्राहकापासून झाकून ठेवली, ती वाचवण्याचे नैतिक ओझे त्याच ग्राहकाच्या शिरावर कसे टाकता येईल?

येथवर ग्राहकाची बाजू घेतली. आता जे त्याला रुचणार नाही ते. 'कर्ज किती दिवस ठेवणार' असे विक्रेत्याने सरळ विचारले असता, पैसे बँकेत तयार असूनही 'पाचही वर्षे ठेवणार' असे सांगून जो सवलत घेतो, तो खोटे बोलतो. समोरचा धूर्त होता म्हणून हे खोटे खरे होत नाही. तसेच, 'सहा महिने ठेवा, मग खुशाल फेडा' असा विक्रेत्याचा प्रस्ताव ज्याने मान डोलावून स्वीकारला, त्याने ते सहा महिने पाळले पाहिजेत, मग कागदावर तसे कलम असो वा नसो. आपल्या वाडवडिलांचे व्यवहार वाण्याच्या वहीवर आणि तोंडच्या शब्दावर चालत. त्या जगात वहीत नाही म्हणून शब्द नाही, असे कोणी म्हटले नसते. मात्र जेथे विचारले गेले नाही आणि वचन दिले गेले नाही, तेथे मौनालाच वचन मानण्याचे कारण नाही. करारात जे शुल्क लिहिले आहे ते देणे, ही त्या ग्राहकाची पूर्ण जबाबदारी होय.

राहता राहिला तो विक्री-प्रतिनिधी. आमच्या मते या सगळ्यात कोणाविषयी जीव थोडा हळहळावा असा तोच एक आहे. तुटपुंजा पगार आणि वर विक्रीवरचा मोबदला यांवर त्याचे घर चालते. मालकाची दलाली परत गेली की तो भार कधी कधी याच्या मोबदल्यावर येतो. त्याचा फोन येतो तेव्हा त्याला झिडकारू नये. महिनाभर थांबून त्याचे नुकसान टळत असेल आणि आपल्याला पाच-सहा हजारांहून अधिक व्याज पडत नसेल, तर ज्याला परवडते त्याने थांबण्यात गैर काहीच नाही. पण हा औदार्याचा भाग झाला. तसे न करणाऱ्याला अप्रामाणिक म्हणता येणार नाही. मालकाने आपल्या धंद्यातली जोखीम पगारी नोकरावर ढकलावी आणि नोकराने ती ग्राहकाच्या दयेवर, ही रचना ग्राहकाने निर्माण केलेली नाही. त्या तरुणाने आपले गाऱ्हाणे मालकाच्या दाराशी मांडावयास हवे. नोकरीच्या भीतीने तो ते मांडत नाही, हे आम्ही जाणतो.

उपाय अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०१३ रोजीच, दलालीचा खर्च व्याजदरात मिसळण्याच्या काही बँकांच्या प्रथेवर बोट ठेवले होते आणि कर्ज कोणत्या मार्गाने आले यावरून व्याजदर व प्रक्रियाशुल्क बदलू नये, असे बजावले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर प्रत्येक किरकोळ कर्जासोबत सर्व आकारणीसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्याच विवरणपत्रात आणखी एक ओळ छापण्याची सक्ती करावी : या कर्जापोटी विक्रेत्यास इतके रुपये मिळणार असून, अमुक महिन्यांच्या आत कर्ज फेडल्यास ते परत घेतले जातील. गाडीची सवलतही कर्जाशी बांधलेली असेल तर तशी ती विक्रीपत्रावर लिहावी, किती महिन्यांसाठी तेही लिहावे. मग विक्रेत्याला रदबदली करावी लागणार नाही आणि ग्राहकाला ओशाळावे लागणार नाही. ज्यांनी या दसऱ्याला सही केली आणि आता फेडण्याच्या विचारात आहेत, त्यांनी करारपत्रातले परतफेडीचे कलम आधी वाचावे. पैसे भरल्यावर बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि पस्तीस क्रमांकाचा अर्ज घेऊन परिवहन कार्यालयात जावे. आरसी बुकावरचा बँकेचा बोजा काढून घेतल्यावाचून गाडी विकताना अडचण होते.