होडीला कोणते इंजिन लावावे?

आपले नृसिंहवाडी गाव कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या संगमावर आहे. कृष्णेपलीकडे औरवाड आणि पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड आहे. पाऊस जास्त झाला की पाणी दत्तमंदिरात येते. आणखी वाढले की गल्लीत येते. २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर आला. पुराच्या धारेत नुसत्या वल्ह्यावर होडी आवरत नाही. तेव्हा इंजिन लागते. माझ्या काकांना होडीला इंजिन घ्यायचे आहे. घरात रोज तीच चर्चा चालते. विचारून विचारून मला जे समजले ते लिहीत आहे.

हे इंजिन होडीच्या मागे बाहेरून अडकवतात. त्याचा पंखा पाण्यात असतो. पंखा पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते. यात दोन प्रकार आहेत, टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक.

स्ट्रोक म्हणजे काय? इंजिनात एक दट्ट्या सायकलच्या पंपासारखा वरखाली होतो. एकदा वर किंवा एकदा खाली जाणे म्हणजे एक स्ट्रोक. हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटवून जोर काढणे आणि धूर बाहेर टाकणे अशी चार कामे असतात. फोर-स्ट्रोक ती चार चालींत करते. टू-स्ट्रोक दोनच चालींत उरकते. म्हणून ते हलके असून जोरदार असते. पण घाईत थोडे पेट्रोल न जळताच बाहेर जाते.

टू-स्ट्रोकला जुन्या लूनासारखे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. पुष्कळ इंजिनांना ५० ला १ हे प्रमाण असते. म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली ऑइल. ऑइल कमी पडले तर दट्ट्या जाम होतो. जास्त झाले तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. फोर-स्ट्रोकचे ऑइल मोटारसायकलसारखे वेगळे राहते. ते वेळेवर बदलावे लागते. त्याला पेट्रोल कमी लागते, आवाज आणि धूरही कमी. पण किंमत जास्त आणि वजनही जास्त. १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक साधारण ३६ किलो भरते, फोर-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास.

आजोबा म्हणाले, "पुरात उचलून न्यायला हलकंच बरं." काकू म्हणाली, "रोज भाविकांना फिरवायचं तर पेट्रोलला किती पैसे जातील? आणि ऑइल नदीत गेलं तर? तेच पाणी आपण वापरतोय की!"

मला दोघांचेही पटते. होडी रोज चालणार असेल तर फोर-स्ट्रोक घ्यावे. फक्त पुरासाठी ठेवायचे असेल तर टू-स्ट्रोक चालेल. पण ते मे महिन्यात सुरू करून बघावे आणि त्यात जुने पेट्रोल ठेवू नये. काकांची होडी रोज चालते, म्हणून मी फोर-स्ट्रोक सांगितले.

दोन्ही इंजिने नदीच्या पाण्यानेच थंड होतात. चालताना मागून पाण्याची बारीक धार पडते. ती थांबली तर जलपर्णी किंवा कचरा अडकला असेल, म्हणून इंजिन लगेच बंद करावे.

२०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळला जादा माणसे भरलेली बोट उलटली. कितीतरी माणसे बुडाली. म्हणून पालकांनो, इंजिन कोणतेही घ्या, पण होडीत माणसे मोजून घ्या आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट घाला.